मानेचा रोख

१

विनया शेवडे दिवसभर लोकांच्या माना धरायची आणि घरी आली की तिला कुणाचीच मान बघवत नसे. गाझियाबादमध्ये, वैशाली मेट्रो स्टेशनच्या मागच्या गल्लीत, तिचं फिजिओथेरपीचं क्लिनिक होतं. दोन पलंग, एक हिरवा पडदा आणि रोजच्या पंधरा-सोळा आखडलेल्या माना. प्रत्येकाला ती तेच सांगायची. फोन डोळ्यांच्या रेषेत धरा, तासातासाला उठा, दिलेले व्यायाम करा. प्रत्येक जण "बिल्कुल मॅडम" म्हणायचा आणि आठवड्यानं तीच मान घेऊन परत यायचा. एकोणीस वर्षं हे चाललं होतं.

आणि घरी प्रसन्न. तिचा नवरा नोएडात एका सॉफ्टवेअर कंपनीत होता आणि आठवड्यातले तीन दिवस घरून काम करायचा. कानाला हेडफोन लावून तो फिरत्या खुर्चीत बसायचा आणि बोलता बोलता डावीकडून उजवीकडे, उजवीकडून डावीकडे झुलत राहायचा. खुर्ची कुईकुई करायची. तेल घाल म्हणून विनयानं किती वेळा सांगितलं असेल, त्याला गणती नव्हती. "हो, घालतो," असं तोही तितक्याच वेळा म्हणाला होता.

फेब्रुवारीतला मंगळवार होता. सकाळचे साडेनऊ. क्लिनिकला निघण्याआधी ती त्याचा चहा घेऊन आली आणि कप ठेवता ठेवता थांबली. खुर्ची डावीकडे गेली, उजवीकडे आली. तिच्याबरोबर गुडघे गेले, पोट गेलं, खांदे गेले. चेहरा गेला नाही. फ्रिज आणि भिंत जिथे मिळतात, त्या कोपऱ्याकडे तो तोंड करून होता, आणि टांगलेल्या दिव्याखालचं टेबल कुणी इकडेतिकडे सरकवावं तसं त्याचं बाकीचं अंग त्या चेहऱ्याखाली फिरत होतं.

"प्रसन्न."

"हं."

"कुठे बघतोयस तू?"

"स्क्रीनकडे. कॉलवर आहे यार."

स्क्रीन त्याच्या डाव्या कोपरापाशी होता.

२

दुपारी ती मुद्दाम घरी जेवायला आली, आणि जेवण झाल्यावर त्याला स्टुलावर बसवून तिनं गोनिओमीटर काढला. दोन प्लॅस्टिकच्या पट्ट्या आणि मध्ये अंश लिहिलेली चकती, एवढंच ते यंत्र. सांधा किती वळतो हे त्यावर मोजतात.

"मला काही होत नाहीये," प्रसन्न म्हणाला.

"गप्प बस आणि डावीकडे वळव."

कवटी मानेवर नुसती ठेवलेली असते, असं ती पेशंटना सांगत असे. सगळ्यांत वरचा मणका म्हणजे एक कडं. कड्याला दोन खोलगट वाट्या असतात, त्यांत कवटी बसते आणि पुढेमागे डुलते. माणूस होकार देतो तो तिथे. त्याच्या खालच्या मणक्याला वर आलेला एक खुंटा असतो. जात्याची वरची तळी खुंट्याभोवती फिरते तसं ते कडं या खुंट्याभोवती फिरतं. माणूस नकार देतो तो तिथे. दिल्लीकरांना ती हेच "चक्की की कील" म्हणून सांगायची.

प्रसन्नची मान डावीकडे अठ्ठ्याहत्तर अंश वळली. उजवीकडे अठ्ठ्याहत्तर. बावन्न वर्षांच्या, खुर्चीत बसून राहणाऱ्या माणसाला ही मान बक्षीस म्हणायला हवी होती.

"आळस आहे, दुसरं काही नाही," असं म्हणून ती आकडे लिहायला वळली. लिहून वर बघते तर त्याचं डोकं पुन्हा उजवीकडे गेलं होतं. फ्रिजच्या कोपऱ्याकडे.

तिनं त्याला उठवून फिरत्या खुर्चीत बसवलं आणि स्वतःच खुर्ची हळूहळू फिरवली. डोकं जागचं हललं नाही. तीनदा फिरवली. तिन्हीदा तेच.

"चक्कर येते गं."

"मग मान धरून कशाला ठेवतोयस?"

"मी कुठे धरलीये?"

ती त्याच्या मागे गेली. कवटीच्या खालच्या कडेला, केस संपतात तिथे, तिनं दोन्ही हातांची बोटं टेकवली. मान अशी धरून ठेवायची तर तिथले छोटे स्नायू दोरीसारखे ताठ व्हायला हवेत. ते मऊ होते. झोपलेल्या माणसाचे असतात तसे सैल.

३

देविका तिची कॉलेजमधली मैत्रीण. करोल बागेत जन्मली, तिथेच वाढली आणि आता तिथेच हाडांची डॉक्टर म्हणून बसत होती. बुधवारी विनया प्रसन्नला घेऊन तिच्याकडे गेली. एक्सरे झाले, एमआरआय झाला.

"फिल्म एकदम साफ आहे," देविका म्हणाली. "वरच्या दोन मणक्यांत काही नाही. लिगामेंट्स पण छान आहेत. विनया, घरी सगळं ठीक आहे ना?"

"माझ्या नवऱ्याची मान एकाच बाजूला जाते, आणि तू मला घरचं विचारतेस?"

"अगं, ताण असतो, सवय असते. बावीस वर्षांनी सगळेच नवरे मान दुसरीकडे करतात." देविका हसली. प्रसन्नही हसला. त्याला हसताना बघून विनयाच्या कपाळाची शीर उडायला लागली. कारण तो हसत होता देविकाच्या बोलण्याला, आणि तोंड होतं कोपऱ्यातल्या हात धुवायच्या बेसिनकडे.

देविका फाइलमध्ये लिहीत होती. विनयानं फोनमधलं होकायंत्र उघडून प्रसन्नच्या नाकासमोर धरलं. घरातल्या फ्रिजच्या कोपऱ्याची दिशा तिनं आदल्या दिवशी बघून ठेवली होती. ईशान्य, जराशी उत्तरेला कललेली. तिला वाटलं होतं, इथेही तीच निघेल. एखादी चमत्कारिक सवय म्हणून तिनं ते सोडूनही दिलं असतं.

इथे दिशा जवळजवळ पूर्व होती.

म्हणजे तो कुठल्या दिशेला बघत नव्हता. तो कुठल्यातरी जागेकडे बघत होता. घरातून ती एका बाजूला पडत होती आणि करोल बागेतून दुसऱ्या.

"दहा दिवस स्नायू सैल करायच्या गोळ्या देते," देविका म्हणाली.

"त्याचे स्नायू सैलच आहेत," विनया म्हणाली. पण देविकाचा पुढचा पेशंट आत आला होता.

४

अश्लेषा, त्यांची मुलगी, दक्षिण दिल्लीत मुनिरकाला खोली घेऊन राहायची आणि जवळच्या विद्यापीठात भूगोलात एम.ए. करायची. शनिवारी ती धुवायच्या कपड्यांची बॅग घेऊन घरी आली आणि आल्या आल्या म्हणाली, "आई, गुरुवारी बाबा मला डबा द्यायला आला ना, तर पूर्ण वेळ माझ्या अलमारीकडे बघत बसला. मला वाटलं, अंदर काय लपवलंय म्हणून शक घेतोय."

"अलमारी कुठल्या बाजूला आहे तुझी?"

"नॉर्थ-ईस्ट. का?"

विनयानं तिला सगळं सांगितलं. सांगताना तिला स्वतःचीच लाज वाटत होती. पण अश्लेषा हसली नाही. तिनं लॅपटॉपवर नकाशा उघडला.

"घराची लाइन दे. आता देविकामावशीच्या क्लिनिकची. आणि ही माझी."

"त्याची हनुवटी सरळ होती ना तेव्हा? वर-खाली काही?"

"हनुवटी मतलब?"

"ठोडी गं, ठोडी! मराठी विसरा सगळे."

"हां, ठोडी सरळ होती."

तिन्ही रेषा राजनगर एक्स्टेन्शनच्याही पलीकडे, हिंडन नदीच्या अंगाला, एकाच ठिपक्यावर मिळाल्या. अश्लेषानं ठिपका मोठा केला. वरून काढलेल्या फोटोत एक करडा चौकोन दिसत होता आणि त्याची लांब सावली.

प्रसन्न सोफ्यावर पेपर वाचत होता. म्हणजे पेपर मांडीवर होता.

"बाबा, इथे काय आहे?"

"मला काय माहीत? मी कधी गेलोच नाही तिकडे."

तो खोटं बोलत नव्हता. बावीस वर्षांत विनयाला त्याचं खोटं बोलणं अर्ध्या वाक्यात ओळखता यायला लागलं होतं. त्यामुळे तर ती आणखीच वैतागली. खोटं असतं तर भांडता आलं असतं.

"उद्या रविवार आहे," ती म्हणाली. "बघूनच येऊ एकदाचं. उगाच डोक्याला ताप नको."

५

अश्लेषाला परीक्षेचं वाचायचं होतं, म्हणून दोघंच निघाली. विनया गाडी चालवत होती. रस्ता वळला की शेजारी बसलेल्या प्रसन्नचं डोकं उलट्या बाजूला वळायचं. सकाळचे अकरा वाजले होते, ऊन छान होतं, आणि कडेच्या गाड्यांवर लोक मटर-कुलचे खात होते. राजनगर एक्स्टेन्शनचे मनोरे मागे पडले, तसा रस्ता सरळ झाला. प्रसन्नची मानही सरळ झाली. कितीतरी दिवसांनी त्याचं नाक त्याच्या छातीच्या रेषेत आलं होतं. विनयाला इतकं बरं वाटलं की तिनं त्याच्या गुडघ्यावर थोपटलं.

फाटक्या निळ्या पत्र्यांच्या कुंपणापाशी रस्ता संपला. आत एक अर्धवट मनोरा होता. अठरा-एकोणीस मजले, नुसते खांब आणि स्लॅब, एकही भिंत नाही. माथ्यावर गंजलेल्या सळया. काम कधीचंच थांबलेलं दिसत होतं.

ती दोघं खाली उतरली. पाचेक पावलं गेल्यावर प्रसन्नची हनुवटी वर उचलली जायला लागली. सहा दिवस त्याचं डोकं फक्त डावी-उजवीकडे गेलं होतं. आता कवटी त्या दोन वाट्यांत मागे कलत होती. जसजशी ती दोघं जवळ जात होती तसतशी जास्त.

त्याच्या नजरेची रेघ धरून विनयानं मजले मोजले. बारावा. तिथे काही नव्हतं. खांब, स्लॅब आणि मधून आरपार दिसणारं आकाश.

"काय दिसतंय तुला?"

"काही नाही," प्रसन्न म्हणाला. आवाज ताणला गेला होता, कारण गळा ताणला गेला होता.

कुंपणाच्या आत प्लॅस्टिकच्या खुर्चीत एक म्हातारा गार्ड बसला होता. विनयानं विचारलं, वर कुणी राहतं का?

"ऊपर कोई नहीं जाता मैडम," तो म्हणाला. "सीढ़ी ही बारहवें तक बनी है."

त्यानं तिच्याकडे बघितलं नाही. खुर्ची रस्त्याकडे पाठ करून मनोऱ्याकडे तोंड करून ठेवलेली होती, हे तिला तेव्हा दिसलं. त्याचीही हनुवटी वर होती.

"भैया, इधर देखकर बात कीजिए ना!" ती भडकून म्हणाली.

"साहब को रोज़ ले आया कीजिए," गार्ड वर बघतच म्हणाला. "अकेले मैं थक जाता हूँ."

दारू प्यायलाय, असं म्हणून विनयानं प्रसन्नला दंडाला धरून गाडीत घातलं. परत येताना तो सीटवर आडवा वळून मागच्या काचेकडे तोंड करून बसला. तिनं एक शब्दही बोलायचं नाही असं ठरवलं, आणि वैशाली येईपर्यंत पाळलं.

६

घरी आल्यावर मात्र तिचा तोल गेला.

"पुरे झालं. रविवार गेला, पेट्रोल गेलं, एका बेवड्याचं ऐकून घेतलं." तिनं कपाटातून कडक कॉलर काढली. अपघातात मान दुखावलेल्यांना घालतात ती. हनुवटीखाली आणि मानेमागे कडक कवच असतं, दोन्हीकडून पट्टे आवळले की डोकं तसूभरही हलत नाही. "रात्रभर राहू दे. बघू मग कुठे जाते."

आणि आठवडाभर कशालाच नाही न म्हणालेला प्रसन्न म्हणाला, "विनया, हे नको."

"का?"

"सांगता येत नाही. पण नको ना."

"एकोणीस वर्षं मी हेच करतेय प्रसन्न. सगळं जग माझ्याकडून मान तपासून घेतं, आणि माझ्या घरात माझं कुणी ऐकायचं नाही?"

त्यानं ऐकलं. तो तिचं नेहमी शेवटी ऐकायचाच. रात्री तिनं पट्टे आवळले, देविकाची गोळी दिली आणि त्याला उताणं झोपवलं. झोप लागेपर्यंत तो छताकडे बघत होता. डोळे मात्र कोपऱ्यात, फ्रिजच्या बाजूला गेले होते. मग मिटले.

सकाळी अश्लेषा मुनिरकाला गेली. तिला पोचवून आल्यावर विनयानं कॉलर काढली. प्रसन्नचं डोकं सरळ होतं. खुर्ची फिरवली, डोकं खुर्चीबरोबर गेलं. हाक मारली, वळलं. दोन्हीकडे अठ्ठ्याहत्तर अंश. तिनं उत्साहात उपमा केला, वर खोबरं घातलं, आणि क्लिनिकमध्ये दिवसभरात एकाही पेशंटवर चिडली नाही.

संध्याकाळी सहाला परत आली तेव्हा प्रसन्न त्याच खुर्चीत कॉलवर होता आणि झुलत होता. चेहरा स्थिर होता. पण फ्रिजकडे नव्हता. डावीकडे होता, पुस्तकांच्या कपाटाकडे.

७

मंगळवारी सकाळी तो कपाटाच्या पलीकडे बघत होता, दुपारी खिडकीकडे. विनयानं दर तीन तासांनी होकायंत्र धरून आकडे लिहिले. जागा बदलत होती. पहिले दोन दिवस तिला यात सुधारणा दिसली. अडकलेला सांधा सुटतो तेव्हा थोडा भरकटतोच, असं तिनं स्वतःला बजावलं. असं काही कुठल्याही पुस्तकात लिहिलेलं नव्हतं.

बुधवारी आणखी एक गोष्ट तिच्या लक्षात आली, आणि ती लक्षात आली नसती तर बरं झालं असतं. प्रसन्न पाणी आणायला हॉलच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकाला गेला. बारा पावलं. मागच्या आठवड्यात तो घरभर हिंडला तरी दिशा तीच राहायची. लांबच्या डोंगराकडे बघत माणूस चार पावलं सरकला, तर मान वळवावी लागत नाही. जवळच्या खांबाकडे बघत सरकला, तर लागते. आता या बारा पावलांत त्याची मान चांगली वीस अंश वळली.

तिनं त्याला परत चालवलं. वीस अंश.

"प्रसन्न, खरं सांग. काय होतंय तुला?"

त्यानं पाण्याचा ग्लास टेबलावर ठेवला. मग म्हणाला, "गल्लीत कुत्रं दात दाखवून उभं असलं की आपण त्याच्याकडे पाठ करतो का? बघत राहतो आणि हळूहळू जातो. तसं काहीतरी. मी ठरवून नाही करत गं. माझी मान करते."

"मग तुला भीती वाटते?"

"आता वाटते. आधी नव्हती वाटत. आधी नजर होती ना त्याच्यावर." तो ओशाळून हसला. "एक रात्र सुटली."

विनयाला ओरडावंसं वाटलं. त्याच्यावर, देविकावर, त्या गार्डवर. ओरडली ती सोसायटीच्या मॅनेजरवर, फोनवरून, कारण त्यांच्या इमारतीची लिफ्ट तीन दिवस बंद होती आणि आठव्या मजल्यावर राहणाऱ्या माणसांनी करायचं काय! मॅनेजर "कल तक हो जाएगा मैडम" म्हणाला. फोन ठेवून ती आपल्या हातांकडे बघत राहिली. कॉलरचे पट्टे तिनं याच हातांनी आवळले होते.

गुरुवारी त्याच बारा पावलांत मान तीस अंश वळत होती.

८

शुक्रवारी तिनं क्लिनिक बंद ठेवलं. अश्लेषाला फोन करून या शनिवारी येऊ नकोस म्हणून सांगितलं. पाहुणे आहेत, असं काहीतरी कारण दिलं. मग ती प्रसन्नसमोर खुर्ची ओढून बसली. हातात गोनिओमीटर होता, दुसरं काय धरायचं ते तिला सुचत नव्हतं.

चार वाजता प्रसन्नची हनुवटी खाली झुकायला लागली.

त्याचं तोंड खिडकीकडे होतं, पण नजर आता जमिनीत होती. हनुवटी आणखी खाली गेली, गळ्याला वळ्या पडल्या, आणि डोकं सावकाश खिडकीकडून दाराकडे फिरलं. खाली बघत. विनयाला कळलं की तो फरशीतून, आठ मजल्यांतून, फाटकापासून जिन्यापर्यंत येणाऱ्या कशावर तरी नजर ठेवतोय. बाहेर लहान मुलं बॅडमिंटन खेळत होती. त्यांचा आवाज येत होता. तो थांबला नाही, कुणी किंचाळलं नाही.

"प्रसन्न, माझ्याकडे बघ."

"नाही बघता येत."

मग त्याचं डोकं हलायला लागलं. थोडं डावीकडे, थोडं उजवीकडे. पुन्हा डावीकडे, पुन्हा उजवीकडे. अगदी सावकाश, कुणी नको नको म्हणावं तसं. आणि दर खेपेला हनुवटी थोडी वर येत होती. हे काय आहे ते तिला समजेना. चार-पाच खेपांनंतर समजलं. त्यांचा जिना अर्ध्या मजल्यावर वळतो. एक वळण डावीकडे, एक उजवीकडे.

ती दाराशी गेली. कडी लावलेली होती, वरची खिटीही. तिनं दाराला कान लावला. जिन्यात पावलांचा आवाज नव्हता. तिसऱ्या मजल्यावर कुणाच्यातरी कुकरची शिट्टी झाली, बस. ती परत येऊन बसली, दाराकडे पाठ करून, कारण तिला प्रसन्नचा चेहरा बघायचा होता. त्यावरूनच काय ते कळणार होतं.

नको. नको. नको. हनुवटी छातीपासून सुटली. नको. नको. गळ्याच्या वळ्या गेल्या. मग डोकं स्थिर झालं. हनुवटी सरळ, नजर सरळ, विनयाच्या डोक्यावरून दाराकडे.

बेल वाजली नाही. कडी हलली नाही. प्रसन्नची नजर हळूहळू अलीकडे आली. दारापासून चपलांच्या कपाटापर्यंत, कपाटापासून जेवणाच्या टेबलापर्यंत. मग ती विनयाच्या डाव्या खांद्यावर येऊन थांबली. खांद्यापासून वीतभर मागे.

घर शांत होतं. खुर्चीही कुईकुई करत नव्हती.

"विनया," प्रसन्न अगदी हळू म्हणाला, "मी बघतोय. तू मान वळवू नकोस. बाकी काही करू नकोस, फक्त मान वळवू नकोस."

"नाही वळवत."

"माझ्यावर चिडली आहेस?"

"नाही रे," ती म्हणाली, आणि तिच्या डोळ्यांत पाणी आलं. "अजिबात नाही."

तिनं दोन्ही हात उचलून स्वतःच्या मानेमागे नेले. केस संपतात तिथे, कवटीच्या कडेला, बोटं घट्ट रोवली, पेशंटची मान धरायची तशी. तिथले स्नायू तिनं आवळून दोरीसारखे ताठ केले. असं धरून ठेवलं की मान वळायची काही बिशाद नव्हती.

मग बोटांखालचे स्नायू सैल पडले. तिनं सोडले नव्हते. आणि त्यांच्या तळाशी, खूप आत, वरचं कडं खुंट्याभोवती फिरायला लागलं. सावकाश. डावीकडे. दहा अंश. वीस. तिनं सगळा जोर लावून डोकं धरलं, तर हातच डोक्याबरोबर निघाले.

"विनया, नको ना," प्रसन्न म्हणत होता. "नको."

तिच्या डोळ्यांच्या कडेला आधी सोफ्याचा हात आला, मग पडदा, मग जेवणाच्या टेबलाची कड. टेबलाच्या अलीकडे कुणीतरी उभं होतं. दंड दिसला, खांदा दिसला, खांद्यातून वर गेलेली मान दिसली. मानेच्या वर, डोकं असायला हवं तिथे, मागच्या भिंतीवरचं कॅलेंडर होतं, आणि त्यावरची तारीख तिला स्पष्ट वाचता येत होती.